माणदेशातलं जुनं घर पावसाळ्याआधी विकायचं आहे. रंगरंगोटी, पीओपी, भाड्याचं फर्निचर यावर खर्च करावा का?

नको. तुम्ही लिहिलंय की घर दहिवडीजवळ आहे, वडील गेल्यापासून बंद आहे, आणि एजंट म्हणतोय रंग द्या, पीओपीचं छत करा, आठवड्यासाठी सोफा आणून ठेवा, म्हणजे लगेच जाईल. यातलं एकही करू नका. सोफा तर मुळीच नको.

मी सांगलीत राहते, माहेर आटपाडी तालुक्यातलं. आमचे वडील, नाना, गेल्यावर ते घर विकताना याच गोष्टींवरून माझं आणि दादाचं वाजलं आणि अजून प्रत्येक लग्नकार्यात तो विषय निघतोच. दादा म्हणतो, घर त्यानं सजवलं म्हणून गेलं. कसं गेलं ते मी सांगते.

आमच्या घराचा पुढचा सोपा, म्हणजे दर्शनी बैठकीची खोली, जुना. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छत. मागं नानांनी नंतर बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या, परसात कडुलिंब आणि जमिनीत बांधलेला हौद. १९७२ च्या दुष्काळात नाना खडी फोडायच्या कामावर होते. त्यानंतर हातात पैसे आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हौद बांधला, खोल्या नंतर. स्लॅबचं पाणी पाइपनं हौदात उतरवलं होतं. दादाचं तमिळनाडूत गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान आहे, आमच्याकडच्या कितीतरी घरांतल्या पोरांचं असतं तसं. त्याला भांडवलासाठी पैसे लवकर हवे होते, आणि तिकडच्या शहरात फ्लॅट कसे विकतात ते त्यानं बघितलेलं. त्यानं गावात माणसं लावून सोप्याच्या भिंतींना पुट्टी आणि जांभळा प्लॅस्टिक पेंट मारला, तुळयांखाली पीओपी ठोकलं.

मातीच्या लिंपणावर पुट्टी टिकत नाही हो. उन्हानं माती वेगळी आकसते, पुट्टी वेगळी. चैत्र लागेपर्यंत भिंतीला पोपडे आले. येणारं गिऱ्हाईक अंगठ्यानं पोपडा दाबायचं, वर पीओपीकडं बघायचं आणि विचारायचं, "वर काय झाकलंय?" झाकलेलं काहीच नव्हतं. सागाच्या तुळया होत्या, वाळवीचा एक डाग नसलेल्या! पण माळवदाचं घर घ्यायला आलेला माणूस पहिल्यांदा तुळया बघतो, आणि नेमक्या त्याच दादानं दडवल्या. लोक चहा पिऊन जायचे ते परत यायचे नाहीत.

मग दादाचा फोन आला की लिंब तोडू, पेव्हर ब्लॉक टाकू, म्हणजे दारात गाडी लागते असं दाखवता येईल. तेव्हा मी आडवी पडले. घर वडिलोपार्जित, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर माझा वाटा दादाएवढाच. मी सांगितलं, झाडाला कुऱ्हाड लागली तर माझी सही मिळणार नाही. वहिनी रडल्या, दादा महिनाभर बोलला नाही. मी किल्ली घेतली आणि आटपाडीला गेले.

पीओपी उतरवलं. तुळया पुसून त्यांना तेलाचा हात दिला. जांभळा रंग खरवडून मातीपर्यंत आणला, लिंपण दुरुस्त केलं आणि वर नुसता चुना. चुन्याच्या भिंतीतून हवा जाते-येते, पोपडे धरत नाहीत. स्लॅबलाही वरून चुन्याचे दोन हात दिले: कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, थोडा फेविकॉल घालायचा आणि ऊन उतरल्यावर मारायचा. काळवंडलेला स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर खोलीत ओकतो. पांढरा केला की बरंचसं ऊन वरच्या वर परत जातं. हे तुम्ही आजच करा, घर विकायचं नसलं तरी करा.

हौद उपसून घासला. उन्हाळ्यात रिकामा हौद दाखवण्यात अर्थ नव्हता, म्हणून एक टँकर विकत घेऊन ओतला आणि येणाऱ्या प्रत्येकाला स्पष्ट सांगितलं की आत्ता हे टँकरचं पाणी आहे, पावसाचं किती साठतं ते असं. हिशेब भिंतीवर खडूनं लिहून ठेवला होता. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमचा स्लॅब ३७ चौरस मीटर. महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरच्या वर पडतो, माण-आटपाडीच्या नशिबी ४००-५०० आला तरी खूप. ४०० धरले तर १४,८०० लिटर, पहिला पाऊस सोडून देऊन १२,००० तरी हौदात येतात. तुमच्या छताचा आकडा असाच काढा आणि लिहून ठेवा. एजंटाच्या जाहिरातीत हा आकडा कधीच नसतो, आणि माणदेशातल्या बाईला पहिल्यांदा तोच हवा असतो.

घर ज्यांनी घेतलं ते एसटीतून निवृत्त झालेले वाहक. दादाचं म्हणणं सकाळी लवकर नाहीतर दिवेलागणीला दाखवायचं, म्हणजे ऊन जाणवत नाही. मी त्यांना वैशाखात दुपारी तीनला बोलावलं. कूलर बंद ठेवून आधी सोप्यात बसवलं. काही बोलले नाहीत, पण टोपी काढून ठेवली आणि निवांत टेकले. त्यांच्या मंडळी परसात गेल्या, हौदाचं झाकण उचलून वाकून बघितलं, चपला काढून जिन्यानं स्लॅबवर चढल्या आणि तिथं अनवाणी उभ्या राहिल्या. खाली येऊन त्यांनी एवढंच विचारलं, "लिंबाखाली बाज टाकाय येतीय का?" रंगाचं नाव कुणी काढलं नाही. त्याच आठवड्यात इसार झाला.

म्हणून माझं ठाम मत आहे: कोरड्या मुलखात गिऱ्हाईक सावली आणि पाणी विकत घेतं. ज्या घरात दुपारी तीनला बसवतं ते घर तीनलाच दाखवा. बसवत नसेल तर आधी छत पांढरं करा, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याचा पडदा नाहीतर नुसतं पोतं लावा आणि मग बोलवा. आतून लावलेला पडदा उपयोगाचा नाही, तोवर ऊन घरात आलेलं असतं. कूलर नंतर सुरू करा. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळं पाण्याचा साधा कूलर चांगला गारवा देतो, हेही बघू दे त्यांना.

बंद घरात फुफाटा किती साचतो ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा गिऱ्हाईक यायच्या दिवशीच पुसून घ्या, आदल्या दिवशी पुसून काही राहत नाही. बोअरच्या पाण्यानं नळांवर क्षाराचे पांढरे थर बसतात, ते लिंबू-व्हिनेगरनं काढा, पण पाणी जड आहे हे तोंडानं सांगा. भिंतीला चीर असेल तर ती नवी पुट्टी भरून लपवू नका. ताजी पुट्टी लांबूनही दिसते आणि माणसाच्या मनात शंका येते.

आता एक-दोन गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. तुमचं घर रस्त्याला लागून असेल आणि घेणारा पाडून गाळे काढणार असेल तर वरचं सगळं सोडून द्या, तो जागेचा भाव देणार. घर सगळंच सिमेंटचं असेल तर प्लॅस्टिक पेंटला माझी हरकत नाही, फक्त फिका घ्या. टेंभू उपसा सिंचन योजनेचं किंवा दुसऱ्या कुठल्या योजनेचं पाणी आसपास आलं असेल तर नुसतं सांगू नका, पाट नेऊन दाखवा. आणि मी लिहिलेलं पाटणसारख्या जास्त पावसाच्या भागाला लागू नाही, तिथं लोक छत गळतं का ते विचारतात.

कागद मात्र आज काढा. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा, म्हणजे घराच्या नोंदीचा कागद, वडिलांच्याच नावावर असेल तर वारसनोंद आधी. तुम्ही बहिणीचा उल्लेख केलाय, ती पुण्याला असते म्हणून. तिची संमती इसाराच्या दिवशी फोनवर मागू नका, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी तिला घरी बोलवा. ती त्या घरात वाढली आहे. दुपारचं गार कुठल्या कोपऱ्यात असतं आणि पाणी कुठल्या महिन्यापर्यंत पुरतं हे एजंटापेक्षा तिला जास्त माहीत असणार. दारात झाड असेल तर त्याबद्दलही तिलाच विचारा.