ताऱ्यांच्या जन्मातील चुंबकीय अडसर

प्रश्न : आंतरतारकीय मेघ (ताऱ्यांच्या दरम्यान पसरलेले वायू व धुळीचे ढग) स्वतःच्या गुरुत्वाने झटकन कोसळून तारे का बनत नाहीत? चुंबकीय क्षेत्र त्यांना अडवते का?

उत्तर : काही अंशी होय, वायूतील खळबळीचाही त्यात हात असतो. वृषभ राशीच्या दिशेला सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर असलेल्या मेघातील क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा हजारो पटींनी क्षीण आहे. तरीही विद्युतभारित कण बलरेषांना, म्हणजे चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषांना, जखडलेले राहतात आणि टकरीमुळे उदासीन (विद्युतभार नसलेल्या) वायूलाही त्या रेषा ओलांडून सहज सरकू देत नाहीत. दाट गाभ्यात मात्र भारित कण फारच विरळ असल्याने हा वायू हळूहळू आत झिरपतो. क्षेत्र ओळखण्याची रीत तर अधिकच रंजक आहे : लांबट धूलिकण बलरेषांना आडवे राहतात, त्यामुळे मागील ताऱ्याचा प्रकाश ध्रुवित होतो, म्हणजे त्याची कंपने मुख्यतः एकाच दिशेत होतात. हे ध्रुवीकरण हिल्टनर व हॉल या खगोलशास्त्रज्ञांनी १९४९ साली नोंदवले.