आधारवर शांताबाई, पॅनवर शांता

प्रश्न : आमचे गाव दारव्हा तालुक्यात आहे. मुलगा जर्मनीत नोकरीला असून येत्या उन्हाळ्यात सुनेचे बाळंतपण असल्याने आम्हा दोघांना दोन महिने तिकडे जायचे आहे. पत्नीचा पासपोर्टचा अर्ज मात्र नावातील फरकामुळे अडला. आधारवर 'शांताबाई', पॅनकार्डावर 'शांता' आणि मतदार ओळखपत्रावर 'कांताबाई' असे नाव आहे. ती शाळेत गेलेली नाही. एक एजंट बारा हजार रुपयांत सगळे जुळवून देतो म्हणतो. आमची कोरडवाहू शेती आहे आणि आयकर विवरण आम्ही कधी भरलेले नाही. व्हिसा मिळेल का?

उत्तर : एजंटला एक रुपयाही देऊ नये. छत्तीस पानी पासपोर्टचे साधे शुल्क १,५०० रुपये आहे, आणि साठी उलटलेल्या अर्जदाराला नव्या अर्जावर १० टक्के सवलत मिळते. एजंट 'जुळवून' देणार म्हणजे बहुधा कुठे तरी खोटा कागद लावणार, आणि त्यावर सही मात्र आपल्या पत्नीची असणार.

पत्नीचे कोणते नाव कायम ठेवायचे, हे आधी घरात ठरवावे. माझे मत आधारवरील नावाच्या बाजूने आहे, कारण आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यामुळे तिथे प्रयोग करणे महागात पडते. त्यानुसार पॅनकार्ड दुरुस्त करून घ्यावे आणि मतदार ओळखपत्रासाठी नमुना ८ भरावा. शाळेचा दाखला नाही म्हणून घाबरू नये. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना जन्मतारखेच्या पुराव्यासाठी पॅनकार्ड किंवा मतदार ओळखपत्रही चालते, फक्त त्यावरील तारीख इतर कागदांशी जुळली पाहिजे. आपणही स्वतःचे कागद एकदा तपासावेत. आपल्या पिढीत निम्म्या गावाचा जन्म गुरुजींनी १ जुलैला लावला, आणि आधार काढताना ज्यांनी नुसते वय सांगितले त्यांचा १ जानेवारीला लागला.

अर्जात नाव आणि आडनाव यांचे रकाने वेगळे असतात. आडनावाचा रकाना कधीही रिकामा सोडू नये. पतीचे नाव मध्ये लिहायचे असेल तर ते पहिल्या रकान्यात लिहावे, आणि पुढे व्हिसा व विमानाचे तिकीट यांवरही अक्षर न अक्षर तेच नाव असावे. पोलीस पडताळणीच्या वेळी घराला कुलूप दिसले तर प्रतिकूल अहवाल जाऊ शकतो. म्हणून वेचणीच्या दिवसांत शेतावर जाताना पोलीस पाटलांना आणि शेजाऱ्यांना सांगून जावे.

व्हिसाच्या बाबतीत आयकर विवरण नसणे ही अडचण असली, तरी त्यामुळे दार बंद होत नाही. सातबारा, आठ-अ, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि कापूस-सोयाबीनच्या विक्रीची रक्कम जमा झालेले बँक खात्याचे उतारे जोडावेत. आपला सातबारा तिकडच्या अधिकाऱ्याला वाचता येणार नाही, त्यामुळे त्याचे इंग्रजी भाषांतर सोबत द्यावे. जमीन इथे आहे आणि पेरणीपूर्वी परतायचे आहे, ही गोष्ट कागदांतून दिसली पाहिजे, कारण पाहुणा परत जाईल का, हीच त्या अधिकाऱ्याची मुख्य शंका असते. मुलाने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून आपल्या खर्चाचे औपचारिक हमीपत्र घेतले, तर आर्थिक बाजू पुष्कळ भक्कम होते. शेंगेन व्हिसावर, म्हणजे जर्मनीसह युरोपातील अनेक देशांच्या सामायिक अल्पकालीन व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, त्यामुळे दोन महिन्यांना हरकत नाही. किमान ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य विमा लागतो, आणि परतीनंतरही पासपोर्ट तीन महिने वैध असावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, क्वचित ४५ दिवसही लागतात, त्यामुळे बाळंतपणाची तारीख जवळ येईपर्यंत थांबू नये.

प्रश्न : मी आठवी शिकलेला वेल्डर असून कुवेतला कामासाठी जायचे आहे. आधी पर्यटक व्हिसावर जा, काम नंतर बघू, असे दलाल सांगतो. (गोंदिया जिल्हा)

उत्तर : जाऊ नये. दहावी झालेली नसल्याने आपल्या पासपोर्टला ईसीआर लागेल, म्हणजे कुवेतमध्ये नोकरीसाठी निघण्यापूर्वी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळामार्फत सरकारची परवानगी घ्यावी लागेल. पर्यटक व्हिसावर गेल्यास ही परवानगी नसते, आणि मालकाने पगार अडवला तर हातात करारही नसतो. दलालाला त्याचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि तो ई-मायग्रेटवर तपासून पाहावा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी घेता येतो, आणि तेही पावती देऊनच.