पहिल्यांदाच मोठ्या स्टेशनवर जाताय?

आधी तिकिटावरची वेळ नीट वाचा. 15 तारखेची 00:10 ची गाडी म्हणजे 14 च्या रात्रीच घरून निघायचं. यात मी एकदा फसलोय. बॅगा घेऊन पोचलो तेव्हा गाडी जाऊन अख्खा दिवस उलटला होता.

शहरात दोन-तीन स्टेशनं असतील तर पूर्ण नाव जुळवून बघा. आणि नुसता फलाट शोधून भागत नाही, आपला डबा कुठे लागणार तेही विचारून ठेवा. वीसेक डब्यांची गाडी जवळपास अर्धा किलोमीटर लांब असते, सामानासकट ऐनवेळी पळणं खरंच जिवावर येतं. फलाट शेवटच्या क्षणी बदलू शकतो, तेव्हा घोषणांकडे कान असू द्या, हेडफोन काढून ठेवा.