सडपातळ माणसाच्या लिव्हरवर चरबी कशी चढते?

तुम्ही लिहिलंय की वडील देवगडला जन्मभर कलमांच्या बागेत राबले, अंगानं काटकुळे, पोट तेवढं सुटलंय; आता शुगर निघाली आणि सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसली. डॉक्टर म्हणाले, ‘चरबीच्या पेशी प्रथिनं सोडतात, तिथं गडबड आहे.’ म्हणजे काय, हा तुमचा प्रश्न. मी रत्नागिरीत प्राणिशास्त्र शिकवतो. त्याआधी याच पेशींवर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चरबीची पेशी नुसती तेल साठवत नाही, ती रक्तात प्रथिनंही सोडते. अंगात चरबी किती शिल्लक आहे हे मेंदूला कळवणारं लेप्टिन १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं शोधलं. दुसरं अ‍ॅडिपोनेक्टिन. त्याच्यामुळे लिव्हर आणि स्नायू इन्शुलिनला नीट दाद देतात. पोटातली चरबी वाढली की नेमकं हेच कमी होतं.

पण मुळात नवी चरबीपेशी तयार होऊ द्यायची की नाही, हेही प्रथिनंच ठरवतात. उंदराच्या कच्च्या, म्हणजे अजून चरबीपेशी न झालेल्या, पेशी प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवल्या तर आधी लांबट, चपट्या दिसतात. इन्शुलिन, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड वगैरे दिलं की आठवडाभरात गोल होतात, आत तेलाचे चकचकीत थेंब धरतात. ऑइल रेड ओ हा रंग घातला की ते थेंब लालभडक उठून दिसतात. तिथंच ‘विंट १०बी’ किंवा ‘प्रेफ-१’ ही प्रथिनं असतील तर पेशी लांबटच राहतात. ‘बीएमपी-४’ मात्र त्यांना चरबीच्या वाटेला लावतं.

आता वडिलांकडे येऊ. कणगी भरली की भाताची पोती माजघरात रचावी लागतात, तसं कातडीखाली नव्या पेशी पुरेशा झाल्या नाहीत की जास्तीची चरबी लिव्हरमध्ये आणि आतड्यांभोवती जाते. वजनकाट्यावर हे दिसत नाही. बारीक दिसणाऱ्या भारतीयांच्या अंगातल्या या लपलेल्या चरबीवर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार मोलाचं काम केलंय. पायोग्लिटाझोन नावाची गोळी तर कातडीखाली नव्या, लहान चरबीपेशी तयार करवते. वजन थोडं वाढतं, तरी शुगर उतरते! हृदयाचा त्रास असलेल्यांना ती धोक्याची ठरू शकते, म्हणून डॉक्टरांनी दिली तरच घ्यायची.

कुणी ‘अ‍ॅडिपोनेक्टिन वाढवणारी’ पावडर गळ्यात मारली तर कृपा करून घेऊ नका. प्रथिन तोंडावाटे घेतलं की पोटात पचून जातं. त्यापेक्षा जेवणानंतर वडिलांना चालायला न्या. हलणारा स्नायू इन्शुलिनची फार वाट न बघता साखर ओढतो. ताटातला भात थोडा कमी करून मासळी आणि भाजी वाढवा. आणि कंबर टेपनं मोजा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या वर गेली की धोका धरतात. तो आकडा पुढच्या खेपेला डॉक्टरांना सांगा.