खेळाच्या तासाला चौघं पळतात, बाकीचे बघतात

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे, पट ४२. क्रीडाशिक्षक नाहीत, त्यामुळे खेळाचा तासही मीच घेते. खो-खो लावला की दहा मिनिटांत मुलं कंटाळतात आणि कडेला दंगा सुरू होतो. मैदान ३० बाय २० मीटर आहे. काय बदलू?

उत्तर : मुलं खेळाला नाही, ताटकळण्याला कंटाळतात. नेहमीच्या खो-खोत आठ जण पाटीवर बसलेले, एक पाठलाग करणारा आणि तीन पळणारे. म्हणजे तुमच्या वर्गातली तीस मुलं नुसती बघतात. शिवाय कच्चं मूल आधी बाद होतं; ज्याला सराव सर्वांत जास्त हवा, त्यालाच तो सर्वांत कमी मिळतो.

सात-सात जणांचे सहा गट वर्गातच पाडा. तास सुरू होण्याआधी चुन्याने ९ बाय ४ मीटरची सहा मैदानं आखून ठेवा : लांबीत दोन, रुंदीत तीन, मध्ये दोन मीटर मोकळे. प्रत्येकात दीड-दीड मीटरवर चार चौकोन. खांब नकोत, छोट्या जागेत मुलं त्यांवर आपटतात, चुन्याचं वर्तुळ पुरतं. चौघं बसलेले, एक पाठलागावर, दोघं पळणारे. बाद झालेल्याने बाहेर बसायचं नाही, बाद करणाऱ्याशी जागा बदलायची. आता एका वेळी अठरा जण पळतात.

शिकवणं मात्र तुमचंच. सूचना एका मिनिटाच्या आत संपवा आणि सांगण्यापेक्षा करून दाखवा : एकदा खऱ्या वेगाने, एकदा सावकाश. मुलांच्या पाठीवर ऊन येईल असं त्यांना बसवा, नाहीतर डोळे मिचकावण्यात निम्मं दिसतच नाही. एका दिवशी एकच कौशल्य घ्या. उदाहरणार्थ खो देणं. यात दोन चुका हमखास होतात. मूल ‘खो’ ओरडतं, पण हात लागत नाही, कारण ते भरवेगात पुढे निघून जातं. बसलेल्याच्या मागे येताना पावलं लहान करायला सांगा. दुसरी चूक, बसलेला खो मिळण्याआधीच उठतो. सपाट मांडी घातली की उठायला उशीर होतो, म्हणून तो घाई करतो. चवड्यांवर, हात जमिनीला टेकून बसवा.

नुसतं ‘शाब्बास’ म्हणून मुलाला काय जमलं ते कळत नाही. ‘हात पाठीला नीट लागला, पुन्हा तसाच’, असं म्हणा. गटांमधून सतत फिरत राहा. एकाच मैदानापाशी थांबलात तर बाकीचे पाच सुटतात.

प्रश्न : दंगा करणाऱ्यांना मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या तर?

उत्तर : नको. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला मनाई आहे. आणि पळणं ही शिक्षा ठरली की मूल पळणंच टाळू लागतं. त्याला दोन मिनिटं बाजूला उभं करून खो मोजायला द्या, मग परत खेळात घ्या.