डेटा नेमका कुठे मुरतो?

प्रश्न: माझा १० जीबीचा प्लॅन विसाव्या दिवशीच संपतो. मी मेसेज, थोडं फेसबुक आणि बातम्या एवढंच बघते. व्हिडिओ मुद्दाम लावतही नाही. मग पाणी मुरतंय कुठे?

तुमच्या पत्रातला 'मुद्दाम' हा शब्द पकडून ठेवा. व्हिडिओ तुम्ही लावत नाही, तो आपला आपण लागतो. फेसबुक वरखाली करताना समोर आलेला प्रत्येक व्हिडिओ सुरू होतो आणि आवाज बंद असला तरी डेटा वाहतच असतो. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये ऑटोप्ले बंद करा. दुसरी गळती व्हॉट्सअ‍ॅपची. कुठल्या तरी ग्रुपवर आलेला तोच तो व्हिडिओ तुम्ही उघडायच्या आधीच उतरलेला असतो. 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये मोबाइल डेटासाठीच्या चारही खुणा काढून टाका. व्हॉइस मेसेज तरीही आपोआप उतरतील, पण ते चिमुकले असतात.

अर्थात, माझा अंदाज चुकू शकतो, तुमचा फोन चुकणार नाही. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये डेटा वापराची यादी असते आणि सगळ्यात खादाड अ‍ॅप तिच्यात सगळ्यात वर असतं. त्यावर टिचकी मारली की फोरग्राउंड आणि बॅकग्राउंड असे दोन आकडे दिसतात. दुसरा आकडा फुगलेला असेल, तर तुमचं लक्ष नसताना ते अ‍ॅप खातंय. तिथेच त्याचा बॅकग्राउंड डेटा बंद करता येतो. मोजणीची तारीख मात्र आधी तुमच्या प्लॅनच्या तारखेशी जुळवून घ्या. आयफोन असेल तर आणखी एक गंमत: तिथले आकडे दर महिन्याला शून्यावर येत नाहीत, 'रीसेट स्टॅटिस्टिक्स' आपणच दाबावं लागतं. दोन वर्षांची बेरीज एका महिन्याची समजून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत.

प्रश्न: रोज तासभर तरी काहीतरी बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. कोणती क्वालिटी ठेवू?

नेटफ्लिक्सचाच हिशेब घेऊ. तासाला मध्यम दर्जाला ०.७ जीबीपर्यंत, एचडीला ३ जीबीपर्यंत आणि फोर-केला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. म्हणजे १० जीबीत एचडी तीन तास आणि थोडं वर, तर मध्यम दर्जा चौदा तास. रोज एक तास दोन्हीत बसत नाही. तेव्हा सरळ वाय-फायवर एपिसोड डाउनलोड करा आणि मग बघा.

यूट्यूबवर चालू व्हिडिओची क्वालिटी ४८०पी केली, तरी ती तेवढ्या व्हिडिओपुरतीच राहते. कायमची सोय सेटिंग्जमधल्या क्वालिटीच्या पर्यायात आहे, तिथे मोबाइल नेटवर्कसाठी 'डेटा सेव्हर' निवडा. फोनच्या पडद्यावर फरक शोधावा लागतो. आणि गाणी ऐकायला यूट्यूब लावून फोन पालथा ठेवत असाल तर ते थांबवा. ऑडिओ अ‍ॅपमध्ये १६० केबीपीएसला तासाला ७२ एमबी लागतात, इथे तुम्ही न बघितलेल्या चित्राचंही भरता.

प्रश्न: मोबाइलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला दिला की डेटा बघता बघता उडतो. काम तर फक्त ईमेलचं असतं.

हे माझ्यावरही ओढवलंय. दोन ईमेल पाठवायला हॉटस्पॉट चालू केला आणि चहा संपेपर्यंत महिन्याचा उरलासुरला डेटा साफ! दोष माझाच होता. लॅपटॉपला हॉटस्पॉट म्हणजे वाय-फायच वाटतं. मग राहिलेले अपडेट, क्लाउडमधल्या फायली, फोटोंचा बॅकअप अशी सगळी तुंबलेली कामं तो उरकून घेतो. विंडोजमध्ये त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' (म्हणजे 'इथे डेटा मोजका आहे') चालू करा, मॅकमध्ये 'लो डेटा मोड'. एकदा केलं की त्या हॉटस्पॉटपुरतं ते लक्षात राहतं. तरी क्लाउडचं सिंक हाताने थांबवलेलं बरं. काम झालं की हॉटस्पॉट बंद.

प्रश्न: घरात वाय-फाय असूनही आयफोनचा मोबाइल डेटा खर्च होतो. असं का?

मोबाइल डेटाच्या सेटिंगमध्ये अगदी तळाला 'वाय-फाय असिस्ट' आहे. वाय-फाय क्षीण झालं की ते गुपचूप मोबाइल डेटावर जातं. मुळात ते चालूच असतं. आजवर किती खाल्लं तो आकडाही तिथेच दिसतो. बंद करा.

प्रश्न: क्रोममधला डेटा वाचवणारा लाइट मोड सापडत नाही.

सापडणार नाही, गूगलने तो मार्च २०२२ मध्ये काढून टाकला. ऑपेरा मिनी हा ब्राउझर अजूनही पानं दाबून लहान करतो. पण खरं सांगू? नुसत्या वाचण्याने कुणाचा प्लॅन बुडत नाही.

प्रश्न: पाच दिवस बाकी आहेत आणि ५०० एमबी उरलेत. आता?

फोनचा 'डेटा सेव्हर' चालू करा आणि त्यातून फक्त मेसेजच्या अ‍ॅपला सूट द्या. अँड्रॉइडमध्ये मर्यादाही घाला, म्हणजे तिथे पोहोचल्यावर फोन स्वतःच डेटा बंद करेल. व्हिडिओ कॉलऐवजी साधा फोन करा. कुठे वाय-फाय मिळालं की गूगल मॅप्समध्ये तुमच्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. तो रस्ता दाखवतो, ट्रॅफिक दाखवत नाही, म्हणून दहा मिनिटं आधी निघा.