काशाची वाटी काशीची नव्हे

भाचीनं विचारलं, मामा, आजी पायाला तूप लावून घासते ती काशाची वाटी म्हणजे काशीहून आणलेली का, आणि "सुंदर ते ध्यान"मध्ये "कासे पितांबर" येतं ते कासे पण हेच का?

नाही गं. मूळ शब्द कासे, संस्कृतात कांस्य. मासाचं माशाचा होतं, पैसाचं पैशाचा, तसंच कासेचं काशाची. स चा श झाला एवढंच, काशीचा काही संबंध नाही. हे कासे घडवणारा कांस्यकार, तोच आपला कासार. आता कासार म्हटलं की बांगड्याच आठवतात, पण नाव धातूवरून पडलंय. कांस्यपदकातलं कांस्य पण हेच. तुकोबांच्या अभंगातलं कासे मात्र वेगळं, तिथं कास म्हणजे कंबर, कासे पितांबर म्हणजे कमरेला पितांबर. गंमत बघ, पंढरपूरच्या वाटेवर हा अभंग म्हणताना वारकऱ्याच्या हातातले चांगले खणखणीत टाळ असतात ते काशाचे!

आपल्या सोलापुरात हा शब्द तीन भाषांत ऐकू येतो. कन्नडमध्ये कंचु, तेलुगूतही कंचु, आणि पूर्व भागातल्या तेलुगू घरात तर जेवणाच्या ताटालाच कंचम म्हणतात.

आता धातू. तांबं आणि कथील मिळून कासे, तांबं आणि जस्त मिळून पितळ, आणि लोक गोंधळ करतात तो इथंच. रसशास्त्राच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या धातूंच्या शास्त्राच्या, जुन्या ग्रंथात 8 भाग तांबं नि 2 भाग कथील सांगितलंय, घंटेच्या चांगल्या काशात कथील साधारण 22 टक्के असतं, पुतळ्याच्या ब्राँझमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. कथील एवढं वाढलं की धातू कडक होतो नि वाजतो छान, म्हणून घंटा, झांजा, टाळ याचेच, संस्कृतात काशाला घोष असंही नाव आहे ते उगाच नाही. पण ठिसूळ पण होतो, गार असताना ठोकला तर तडकतो, म्हणून लालबुंद तापवूनच ठोकतात. पितळेची वाटी पडली तर पोचा येतो, काशाची फुटू शकते.

रंग पितळेसारखा पिवळाधमक नाही, फिकट, जरा पांढुरका पिवळा. ताक, चिंच, लोणचं त्यात ठेवू नये, आंबट लागलं की तांबं उतरतं. पितळेला कल्हई करतात ती पण कथलाचीच, इथं ते आतच मिसळलेलं असतं. आणि पाय घासल्यावर काळं निघतं त्याला आजी उष्णता म्हणते, तर ते घासून निघालेलं धातूचं बारीक कण नि तूप, पण पायाला गार वाटतं हे खरंच आहे.

दुकानात घेताना बोटावर उलटी तोलून धर आणि नखानं टिचकी मार, काशाचा नाद बराच वेळ राहतो, पितळेचा लगेच विरतो.